भोंग्याचं तोंड कुणीकडे

नागपुरातल्या सभांमध्ये माझ्याइतक्या वेळा कोणी बोललं नसेल. पक्ष कोणताही असो, वक्ता मंत्री असो, महाराज असो की संपावरचा कामगार, सगळ्यांच्या आधी माईकसमोर उभा राहायचो मी. आणि दरवेळी भाषण तेच: "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." टाळ्या कधी पडल्या नाहीत. एकदा काटोलकडच्या एका खेड्यात मात्र मी तीनवर थांबलो तेव्हा पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले, "काहून थांबला गा? चांगलं चालू होतं." माझ्या वक्तृत्वाला मिळालेली ती एकुलती एक दाद.

माझा धंदा लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा. दुकान सदरमध्ये, मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत. आता पुतण्या चालवतो, मी गल्ल्याजवळ बसून त्याला नको ते सल्ले देतो. साठच्या दशकात मी सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे दोन सेट होते. सेट म्हणजे एक माईक, एक मशीन, चार भोंगे आणि न संपणारी वायर. मशीन म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. त्या काळात तिच्यात काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापून लाल होईपर्यंत आवाज येत नसे, म्हणून वक्त्याला जरा थोपवून धरावं लागे. पुढाऱ्याला थोपवून धरणं हे या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम. कोणी माईक तोंडात घालून बोलतो, कोणी त्यावर टिचक्या मारतो, कोणी बोलता बोलता स्टेजभर फिरतो आणि आवाज आला नाही की माझ्याकडे डोळे वटारून बघतो. माईकचा आवाज भोंग्यातून बाहेर पडून परत माईकमध्ये शिरला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. ती वाजू न देणं एवढंच माझं काम. त्यामुळे मी कधी भाषण ऐकलं नाही, नुसता आवाज ऐकला. माझी बायको शांता मला चिडवायची, "इतक्या मोठ्या मोठ्या लोकाईच्या सभा करता, एकाचं तरी भाषण सांगा ना घरी." मला एक वाक्य आठवायचं नाही. कोणाचा घसा बसला होता, कोण श्वास घेताना सूं सूं करत होता, तेवढं मात्र मी सांगू शकत असे.

धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही, ती म्हणजे भोंग्याचं तोंड. भोंगा जिकडे तोंड करून बांधाल तिकडे आवाज जातो, पाठीमागे अर्धासुद्धा जात नाही. म्हणजे कोणी ऐकायचं आणि कोणी नाही, हे बांबूवर चढलेला माणूस ठरवतो. दवाखाना असेल त्या बाजूला मी तोंड करत नसे, ज्या घरात मयत झाली असेल तिकडेही नाही. पण सभा भरवणाऱ्यांना भलत्याच बाजू हव्या असत. कोणाला विरोधकाच्या ऑफिसकडे तोंड पाहिजे, कोणाला आपल्याला मत न देणाऱ्या मोहल्ल्याकडे. समोर बसलेल्या लोकांचं त्यांना काही नसायचं. ज्याला ऐकायचं नाही त्याच्या घरात आवाज शिरला पाहिजे, हीच सगळ्यांची हौस.

दादाराव आणि शर्माजी हे असेच दोघे. उत्तर नागपुरातले, जरीपटक्याच्या बाजूचे. एकमेकांच्या विरुद्ध पक्षांतले स्थानिक पुढारी. एका निवडणुकीत दोघांनी एकाच मैदानाच्या दोन टोकांना एकाच संध्याकाळी सभा ठेवली, आणि दोन्हीकडे सेट माझेच. सकाळी दादाराव दुकानात आले. "दामूभाऊ, माहा आवाज त्याच्यापेक्षा मोठा पाह्यजे गा." ते वळले न वळले तोच शर्माजी आले. "देखो दामूभाऊ, उसका भोंगा जरा ठंडा रखना." मी दोघांनाही हो म्हणालो आणि दोन्ही मशीनचं बटण अगदी सारखं लावलं. संध्याकाळी मैदानाच्या मधोमध उभा राहिलो तर एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरा. इकडून अर्धं वाक्य, तिकडून अर्धं. मधे बसलेला फुटाणेवाला मला म्हणाला, "भाऊ, दोघं मिळून एकच भाषण करून राहिले ना हे!" त्यानंतर दोन्हीकडच्या पोरांत दगडफेक झाली, माझा एक भोंगा चेपला. दुसऱ्या दिवशी दोघांचीही तक्रार तीच, की मी दुसऱ्याला जास्त आवाज दिला. तेव्हापासून ते दोघं एका मांडवात कधी दिसले नाहीत. वस्तीत लग्न निघालं की कोणाला बोलवायचं आणि कोणाला गाळायचं, हा वधूपित्याला घोर असे.

मग आणीबाणी आली. सभा बंद. लग्नं, बारशी आणि सरकारी कार्यक्रम तेवढे राहिले. दुकानात भोंगे आडवे पडलेले, त्यांत चिमण्या घरटी करू पाहायच्या. त्या दिवसांत धरमपेठेतले एक म्हातारे वकील रविवारी सकाळी मला सेट घेऊन घरी बोलवायचे. पहिल्या रविवारी बैठकीच्या खोलीत मी माईक उभा केला, मशीनला वायर जोडली, तर म्हणाले, "चालू करायचं नाही." मग कोट घालून माईकसमोर उभे राहिले आणि तासभर बोलले. नागरिकाचे हक्क, कायदा, कोर्ट, असलं काहीतरी. समोर श्रोते दोन. मी आणि मेथी निवडत बसलेली त्यांची पत्नी. जिथे टाळ्या पडल्या असत्या तिथे ते क्षणभर थांबायचे.

तीन-चार रविवार मी हे पाहिलं आणि न राहवून विचारलं, "साहेब, मशीन बंदच ठेवायचं तर माईक कशाला?"

ते म्हणाले, "दामोदरराव, समोर माईक नसला की माणूस गप्पा मारतो. माईक असला की जबाबदारीनं बोलतो. सवय मोडायला नको."

त्यांची पत्नी मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "तुम्ही येता म्हणून रविवारची दाढी तरी होते. बाकी दिवस नुसते बसून असतात."

आणीबाणी उठली. पहिल्याच जाहीर सभेत ते बोलायला उभे राहिले आणि मी मशीन चालू केलं. मला वाटलं, इतके दिवस कोंडलेला माणूस, आता ओरडणार. मैदान तुडुंब भरलं होतं. पण त्यांचा आवाज तोच, बैठकीच्या खोलीतला. न चढलेला, न कापलेला. मी बटणाला हात लावला नाही. तो आवाज तेवढा आठवतो. भाषणातलं अर्थातच काही आठवत नाही.

आता ज्या सभेसाठी लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. एके सकाळी मी दुकानात चहा पीत होतो आणि समोर एक स्कूटर थांबली. चालवत होते दादाराव, मागे बसले होते शर्माजी. चहा माझ्या शर्टावर सांडला. इतक्या वर्षांत एका मांडवात न बसलेली माणसं एका स्कूटरवर!

"सभा ठेवून राहिलो दोघं मिळून," दादाराव म्हणाले. "निषेध सभा. चारही भोंगे पाह्यजे."

"कोणाचा निषेध?"

"मेश्राम बाईचा."

शर्माजी म्हणाले, "समाज का सवाल है, दामूभाऊ. इसमें पार्टी नहीं देखते."

मेश्राम बाई म्हणजे त्या वस्तीतल्या एका खाजगी प्राथमिक शाळेतल्या मास्तरीण. दादाराव त्या शाळेच्या संस्थेचे सचिव. बाई वीस वर्षं फक्त पहिलीचा वर्ग घेत होत्या. वडील गिरणी कामगार, छपन्न साली दीक्षा घेतलेले, मुलीला मात्र त्यांनी हट्टानं शिकवलेलं. वस्तीतल्या निम्म्या लोकांनी 'अ' त्यांच्याजवळ गिरवला होता. त्यांतलीच एक सुनंदा. अठरा-एकोणीस वर्षांची, त्याच वस्तीत नाल्याच्या पलीकडच्या गल्लीत दिलेली. नवरा मारायचा. दोनदा माहेरी आली, दोनदा आईनं समजूत घालून परत पाठवली. तिसऱ्यांदा तव्यावर दाबून भाजलेला हात घेऊन निघाली, ती आईकडे गेलीच नाही. थेट बाईंच्या घरी गेली. बाईंनी तिला ठेवून घेतलं. आणि पुढच्या पालकसभेत उघड सांगितलं की, मुलीला मार खायला परत पाठवू नका, तुम्हाला जड होत असेल तर माझ्याकडे पाठवा.

झालं. वस्ती पेटली. दादारावांच्या बाजूचे म्हणू लागले की मास्तरणीनं शाळेत शिकवावं, लोकांच्या संसारात नाक खुपसू नये. शर्माजींच्या बाजूचे म्हणू लागले की आपली संस्कृती बुडाली. महागाईवर, पाण्याच्या नळावर, रस्त्यावर ज्यांचं कधी जमलं नाही, त्यांचं एका बाईच्या बोलण्यावर एकमत झालं. त्यांनी बाईंना निरोप दिला: सभेत या, सर्वांसमोर माफी मागा, सुनंदा तिथूनच सासरी जाईल असं स्वतःच्या तोंडानं सांगा. नाहीतर नोकरी गेली समजा.

घरी सांगितलं तर शांता म्हणाली, "एवढं काय बोलली ते बाई? बोलायचीही चोरी झाली काय आता?"

"मले काय माहीत? मी आवाज पाहतो."

"पाहा बाप्पा आवाज," ती म्हणाली.

सभा शाळेच्या मैदानावरच होती. करंट समोरच्या पिठाच्या चक्कीतून घेतला. भोंगे कुणीकडे बांधायचे ते दादारावांनी स्वतः उभं राहून सांगितलं. पुरुष मैदानात बसणार, बायका नेहमीप्रमाणे शाळेच्या भिंतीला लागून, आसपासच्या घरांच्या दारांत, गच्च्यांवर उभ्या राहणार. "चारही तोंडं तिकडे कर, बायकाईकडे," ते म्हणाले. "त्यायनं ऐकलं पाह्यजे, काय होते ते." मी बांधले.

दिवस मावळायच्या आत मैदान भरलं. पहिल्या रांगेत सुनंदाचा नवरा आणि त्याचे भाऊ, इस्त्रीचे कपडे घालून. बाहेर फाटकाशी सायकलरिक्षा उभी, सुनंदाला बसवून नेण्यासाठी. सुनंदा भिंतीजवळच्या बायकांत होती. पदरानं तोंड झाकलेलं, हाताला पट्टी. तिची आई तिच्यापासून दहा बायका सोडून उभी होती.

दादाराव बोलले, शर्माजी बोलले. आवाज स्वच्छ, शिट्टी नाही. मग बाई उठल्या. ठेंगणी मूर्ती, जाड चष्मा, पांढरं पातळ. माईक दादारावांच्या उंचीला होता, तो खाली करायला मी गेलो. बाईंनी हळूच विचारलं, "किती जवळ उभी राहू, भाऊ?"

"एक वीत."

"मला याची सवय नाही. वर्गात साठ मुलं असतात, तरी लागत नाही."

मी येऊन मशीनजवळ बसलो. बाई बोलू लागल्या.

"माझ्या हातून चूक झाली. मी माफी मागायला उभी आहे."

दादाराव खुर्चीत मागे रेलले. नवऱ्याच्या भावानं फाटकाकडे बघून रिक्षावाल्याला हात केला.

"वीस वर्षं मी पहिलीला शिकवते. मुलगी शाळेत येते ती बडबड करतच येते. तिला 'अ' शिकवायच्या आधी मी एक गोष्ट शिकवते. हाताची घडी, तोंडावर बोट."

लोक हसले. कोणाला आठवत नव्हतं? पुढच्या दोघा-चौघांचे हात सवयीनं हललेसुद्धा.

"सुनंदा माझ्या वर्गात सगळ्यांत बडबडी होती. तिला मी हे सगळ्यांत जास्त वेळा सांगितलं. ती हुशार, ती शिकली. तिचा हात तव्यावर दाबला तेव्हा ती ओरडली नाही. तिनं तोंडावर बोट ठेवलं. ते माझं शिकवणं. ही माझी चूक. सुनंदा, मी तुझी माफी मागते."

हसणं बंद झालं. दादाराव ताठ झाले. माझ्याकडे बघून त्यांनी हातानं खूण केली, बंद कर. मी बटणाकडे खाली मान घालून बसलो. मग त्यांनी आवाज दिला, "दामूभाऊ, बंद करा ते!"

माझ्या धंद्याला नियम फार नाहीत. पण माणूस बोलत असताना मी मशीन बंद करत नाही. वक्ता शिव्या देत असला तरी नाही, माझ्या स्वतःच्या पक्षाला देत असला तरी नाही. मी तसं ओरडून सांगितलं, "बोलणं झालं की बंद करतो, दादाराव."

त्यांनी गजूला डोळ्यानं इशारा केला. गजू म्हणजे गजानन, त्यांचा तरणाबांड कार्यकर्ता, घोषणा द्यायला आणि खुर्च्या उचलायला. तो धावत चक्कीत शिरला आणि त्यानं बोर्डातून वायर उपटली. चारही भोंग्यांचा एकदम श्वास गेला. मशीनमधले लाल व्हॉल्व्ह विझत गेले.

टेबलाखाली माझी बॅटरी होती. अशा वेळेसाठीच मी ती नेहमी बरोबर ठेवत असे. मी चिमटे हातात घेतले तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे तळवा केला. "राहू द्या, भाऊ."

मैदानात एकच कल्ला उठला. घोषणा सुरू झाल्या. कोणीतरी बाईंना खाली ओढा म्हणून ओरडलं. बाई हात मागे बांधून, गोंधळ करणाऱ्या वर्गासमोर मास्तरीण उभी राहते तशा उभ्या राहिल्या, आणि एकेकाकडे बघू लागल्या. मी टेबल बडवणारे मंत्री पाहिले आहेत, हात जोडणारे महाराज पाहिले आहेत. नुसतं उभं राहून मैदान गप्प करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आवाज पुढच्या रांगेपासून विझत विझत मागे गेला.

मग बाई म्हणाल्या, "हाताची घडी सोडा."

आणि थांबल्या. पहिलीच्या वर्गात बाई एक वाक्य म्हणतात आणि थांबतात, मग मुलं ते वाक्य म्हणतात. वीस वर्षांची सवय, त्या थांबल्या. मग भिंतीजवळून एका बाईचा आवाज आला, जणू झोपेत बोलल्यासारखा: "हाताची घडी सोडा."

"तोंडावरचं बोट काढा," बाई म्हणाल्या.

या वेळी दहा-बारा आवाज आले. "तोंडावरचं बोट काढा."

त्या सगळ्या त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या. कडेवर पोरं, कपाळाला घाम, पण बाईंचं वाक्य संपलं की ओठ आपोआप हलत होते. भिंतीजवळच्यांचं म्हणणं दारांतल्यांनी उचललं, दारांतल्यांचं गच्च्यांनी. बाईंनी पहिलीच्या पुस्तकातला धडा सांगावा तशी एकेक ओळ सांगायला सुरुवात केली.

"सुनंदाचा हात भाजला."

"सुनंदाचा हात भाजला."

"सुनंदाला दुखलं."

"सुनंदाला दुखलं."

आता पुरुषही म्हणू लागले होते. पहिली तर त्यांतल्या कितीतरी जणांनीही तिथेच काढली होती. माफी ऐकायला आलेली माणसं, निषेधाचे फलक मांडीवर ठेवलेली माणसं, खाली बघत, पुटपुटत, पण म्हणत होती. गजू चक्कीच्या दारात उभा होता. उपटलेली वायर त्याच्या हातात होती आणि त्याचा जबडा हलत होता.

"सुनंदानं आईला सांगितलं," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी म्हटलं.

"आईनं परत पाठवलं."

इथे भिंत गप्प झाली. कोणाच्या तोंडून ते निघेना. सगळ्यांना माहीत होतं की आई तिथेच उभी आहे. बाई थांबून राहिल्या. वर्गात एखादं मूल अडलं की थांबावं, तशा. आणि मग एकच आवाज आला, फाटका, बारीक. सुनंदाच्या आईचा.

"आईनं परत पाठवलं."

मी कितीतरी भाषणांचे आवाज ऐकले, पण त्या तीन शब्दांएवढं अवघड बोलणं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी हातातले बॅटरीचे चिमटे खाली ठेवले.

"सुनंदानं बाईला सांगितलं."

"सुनंदानं बाईला सांगितलं."

"बाई परत पाठवणार नाही."

मैदानानं ते म्हटलं. नाल्याच्या पलीकडून परत ऐकू आलं, एवढ्या जोरात. माझे चारही भोंगे बांबूवर मुकाट टांगलेले होते, आणि ते पूर्ण लावूनही कधी पोचला नसता तिथपर्यंत आवाज पोचत होता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मीही म्हणतोय. केव्हापासून म्हणत होतो कोण जाणे. हॅलो आणि एक, दोन, तीन सोडून भर सभेत मी पहिल्यांदाच काही बोलत होतो.

बाई पुढची ओळ सांगायला तोंड उघडणार तोच भिंतीजवळून आवाज आला.

"मी वापस नाही जात."

सुनंदानं पदर तोंडावरून काढला होता. हे वाक्य कोणी तिला दिलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी त्याच्यामागून म्हणेना. सगळे बाईंकडे बघू लागले. नवरा उठून उभा राहिला होता. मेश्राम बाईंनी वीस वर्षं वर्गात घरची बोली चालू दिली नव्हती. 'वापस' म्हटलं की छडी नाही, पण डोळे तरी मोठे होत. त्या बाईंनी चष्मा सारखा केला आणि एकेक शब्द सुटा करून, पुस्तकात असल्यासारखं म्हटलं:

"मी वापस नाही जात."

मग भिंतीनं म्हटलं. दारांनी म्हटलं. गच्च्यांवरच्या म्हाताऱ्यांनी म्हटलं. सुनंदाची आई गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेली आणि तिच्या पट्टी बांधलेल्या हाताला हात न लावता, दुसरा हात धरून उभी राहिली.

रिक्षा रिकामी गेली. नवरा आणि त्याचे भाऊ रिक्षामागून पायीच गेले, लोकांनी त्यांना वाट दिली. दादाराव आणि शर्माजी स्टेजवरच एकमेकांना दोष देत होते की सभेची कल्पना कोणाची. पुढच्या आठवड्यात दोघांच्या स्कूटर पुन्हा वेगळ्या झाल्या. मी वायर गुंडाळत होतो तेव्हा गजू आला, उपटलेलं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मी पहिल्या बाकावर बसत होतो, भाऊ." मग खुर्च्या उचलायला गेला.

घरी आलो. शांता भाकरी थापत होती. तिनं सवयीनं विचारलं, "काय बोलली मंग बाई?" आणि मी सांगू लागलो. पहिल्या वाक्यापासून, माफीपासून. एक ओळ सुटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एक सभा तोंडपाठ होती. भाकरी तव्यावर करपली तरी शांताचं लक्ष नव्हतं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "अजून एक डाव सांगा." मी पुन्हा सांगितलं. दोन दिवसांनी सार्वजनिक नळावर ती बायकांना ते सगळं जसंच्या तसं सांगताना मी ऐकलं, आणि सुनंदाच्या आईच्या ओळीला तिचा आवाजही तसाच फाटला.

बाईंची नोकरी गेली. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. मैदानभर लोकांनी त्यांची वाक्यं म्हटली, पण संस्थेच्या खोलीत पाच माणसं बसली आणि त्यांतल्या एकाही माणसाच्या तोंडून ती वाक्यं निघाली नाहीत. बाई घराच्या ओसरीवर मुलं शिकवू लागल्या. 'तोंडावर बोट' तिथे बंद झालं होतं, त्यामुळे त्यांची ओसरी चार घरं पलीकडून ऐकू यायची. दादारावांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. मी धंद्यात नंतर नवे, व्हॉल्व्ह नसलेले सेट आणले, त्यांना तापायची वाट पाहावी लागत नाही, बटण दाबलं की आवाज. पण इतक्या वर्षांत कोणी विचारलं की तुम्ही ऐकलेलं सगळ्यांत मोठं भाषण कोणतं, तर मी सांगतो, माझ्या मशीनमधून न गेलेलं.

चार-पाच वर्षांनी एक दिवस दुकानात एक बाई आली. हातावर भाजल्याचा जुना, पांढरट डाग. सुनंदा. आता शिवणाच्या कारखान्यात कामाला होती, बोलणं भरभर, मधे श्वास न घेता. लहानपणी बाईंना किती त्रास दिला असेल याचा मला अंदाज आला. "बायकाईची सभा आहे, भाऊ. त्याच मैदानावर. मेश्राम बाई अध्यक्ष आहेत. तुमचाच सेट पाह्यजे." बाईंनी मुद्दाम निरोप दिला होता की माईक एक वीत दूर ठेवा.

संध्याकाळी मी आणि माझा माणूस भोंगे बांधत होतो. तीन झाले. या वेळी बायका भिंतीला नव्हत्या, मैदानात सतरंज्यांवर बसणार होत्या, म्हणून तोंडं तशी वळवली होती. सुनंदा खाली कमरेवर हात ठेवून बघत होती.

"चौथा भोंगा तिकडे फिरवा, भाऊ. नाल्याकडे."

"तिकडून कोणी येणार आहे काय सभेले?"

"नाही ना. येत नाही म्हणूनच तर. तिकडे माह्यं सासर आहे."

बांबूवर चढायला माझा माणूस पुढे झाला. मी त्याला थांबवलं. गुडघे दुखायला लागले होते, शांतानं वर चढायला मनाई केली होती. तरी मी चपला काढल्या, स्वतः वर चढलो, आणि भोंग्याचं तोंड नाल्याकडे फिरवून दोरी घट्ट बांधली.